अक्षरांचा सरवा

श्रावण-भाद्रपदांत काशीचा ब्रह्मा घाट पायरीपायरीने नाहीसा होत जातो. गंगेचे पाणी एकेक पायरी गिळीत वर चढते, नावा वरच्या कड्यांना बांधल्या जातात, आणि एरवी दिवसभर घाटावर हुंदडणारी मुले घरांत कोंडली जातात. अशाच एका पावसाळ्यात आमची बदली बनारसला झाली. सरकारी जागा रिकामी होईपर्यंत कोठे तरी बिऱ्हाड करणे भाग होते. एका स्नेह्याच्या ओळखीने घाटाच्या वरच्या गल्लीतील एका मराठी वाड्यात आम्हांस दोन खोल्या मिळाल्या. हे मासिक ज्यांच्या हाती पडते त्यांपैकी पुष्कळांना हा अनुभव असेल. दिवसभर परभाषा ऐकून शिणलेल्या कानावर जिना चढताना आतून 'अरे, आधी पाय धुऊन ये' असे शब्द पडतात, आणि बदलीचा हुकूम काढणाऱ्यावरचा निम्मा राग तेथेच उतरतो.

ही वस्ती जुनी. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकर हे कायगावचे सत्पुरुष काशीत येऊन राहिले. पेशव्यांच्या काळात ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, पंचगंगा या टापूत मराठी वैदिकांची घरे वाढत गेली. आता ती पुष्कळ विरळ झाली आहेत. आम्ही राहत होतो त्या वाड्याच्या मालकीणबाई एकट्याच होत्या. सारी गल्ली त्यांना काकू म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. यजमान वारले होते, मूलबाळ नव्हते, आणि वाडा पुढे कोणाकडे जावा याविषयी देशातल्या दोन पुतण्यांची पत्रे आळीपाळीने येत. त्यांतले एक पत्र, अक्षर बारीक म्हणून, काकूंनी आमच्याकडूनच वाचून घेतले होते. पुढे जे घडले त्यात ही गोष्ट आमच्या विरुद्ध जाते, म्हणून ती आधीच सांगून टाकतो.

कोंडलेल्या मुलांना गप्प बसविण्याचा काकूंचा उपाय म्हणजे एक कापडी पिशवी. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे चौकोनी कापून त्यांवर त्यांनी बोरूने एकेक अक्षर लिहिले होते. पिशवीत हात घालून, न पाहता, काही चौकोन काढावयाचे, पाटावर मांडावयाचे, आणि त्यांतून होतील तेवढे शब्द करावयाचे. सगळी अक्षरे लागली तर उत्तम. नाही तर दोन-दोन अक्षरांचे लहान शब्द. अमेरिकेत आल्फ्रेड बट्स या गृहस्थांनी असाच एक खेळ रचताना कोणते अक्षर किती वेळा हवे हे वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजून ठरविले होते. काकूंनी ते अंदाजाने ठरविले, आणि परिणामी पिशवीत 'ळ' भलतेच झाले होते.

खेळाचे नियम दोन. जे अक्षर एकदा निघाले ते एकदाच वापरावयाचे, हा पहिला. एका चिमुरड्याने एकाच 'स'वर 'सरस' करून पाहिले तेव्हा काकू एवढेच म्हणाल्या, "पिशवीतून स किती निघाले, बाळ?" दुसरा नियम असा, की काना-वेलांटी अक्षराला चिकटलेली, ती सोडवून दुसऱ्या अक्षराला लावावयाची नाही. हा नियम वाटतो तितका किरकोळ नाही. रोमन लिपीत स्वर हे स्वतंत्र अक्षर असल्यामुळे तो हवा तेथे जाऊन बसतो. आपल्या लिपीत तो व्यंजनाच्या अंगावरचा दागिना आहे, आणि दागिना एकीच्या अंगावरून काढून दुसरीच्या अंगावर घालावा की नाही याविषयी मतभेद होणारच. व्याकरणाच्या दृष्टीने 'वा' म्हणजे व् आणि आ. खेळाच्या दृष्टीने तो पुठ्ठ्याचा एक तुकडा. आम्ही पुठ्ठ्याच्या बाजूचे आहोत. मर्यादा हाताला लागावी, म्हणजे ती पाळणे सोपे जाते.

एका संध्याकाळी मुलांनी आम्हांसही पाटाशी बसविले. पिशवीतून तीन चौकोन निघाले: स, र, वा. मुले 'रस', 'सर', 'वार' असे दोन-दोन अक्षरांचे शब्द म्हणेपर्यंत आमचा हात पुढे गेला, आणि तीनही अक्षरे ओळीने मांडून आम्ही विजयी मुद्रेने म्हणालो, "वारस!"

मुलांनी टाळ्या वाजविल्या. मोठी माणसे दोघेतिघे ओसरीवर होती; ती गप्प झाली. आमच्या ध्यानात आले, पण शब्द तोंडातून गेला होता.

काकूंनी पाटाकडे पाहिले. मग पुढे सरकून त्यांनी तेच तुकडे बोटाने फिरविले. "सवार," त्या म्हणाल्या. पुन्हा फिरविले: "वासर." पूजेचा संकल्प रोज कानावर असल्यामुळे तो शब्द मुलांनाही ठाऊक होता. तिसऱ्या वेळी त्यांनी मांडले, "सरवा." हा मात्र कोणास कळेना. काशीत वाढलेल्या पोरांनी मराठी शेत कोठून पाहिले असणार? काकूंचे माहेर गोदाकाठचे. त्यांनी सांगितले की कापणी झाल्यावर शेतात जी कणसे गळून राहतात ती वेचावयास ज्यांची शेते नाहीत ती माणसे येतात. धनी ती स्वतः वेचून नेत नाही. त्या धान्याला सरवा म्हणतात. एवढे सांगून त्या फोडणी जळते आहे म्हणून आत गेल्या.

त्या रात्री आम्ही आमच्यापुरता एक बचाव रचला. सरकारी नोकराला बचाव रचण्याची सवय असते. बचाव असा: तो शब्द आम्ही केला नाही. अक्षरे पिशवीतून आंधळेपणाने निघाली. 'वारस' त्यांत होताच. आम्ही नसता पाहिला तर दुसऱ्या कोणी पाहिला असता. सापडलेल्या वस्तूबद्दल सापडविणाऱ्यास दोष कसा लावावा?

हा बचाव टिकतो की नाही, हाच या लेखाचा विषय आहे. प्रश्न दिसतो पोरखेळाचा, परंतु तो तसा नाही. नावांत भविष्य शोधणारे, ग्रंथांत गुप्त अर्थ काढणारे, दुसऱ्याच्या वाक्यांतून त्याचा हेतू उकरणारे, हे सर्व शेवटी हेच म्हणतात की आम्ही काही घातले नाही, होते तेच दाखविले.

प्रथम हिशेब पाहू. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीच्या शेवटी अंकपाश नावाचे प्रकरण आहे. त्यात एक मनोहर उदाहरण आहे: विष्णूच्या चार हातांतील चार आयुधे अदलून-बदलून किती मूर्ती होतील, आणि शंकराच्या दहा हातांतील दहा वस्तू बदलून किती? विष्णूच्या चोवीस होतात. शंकराच्या छत्तीस लक्ष अठ्ठावीस हजार आठशे. या रीतीने तीन भिन्न अक्षरांच्या मांडण्या सहा. आमच्या तीन अक्षरांच्या सहा अशा: वारस, वासर, सवार, सरवा, रसवा, रवास. शेवटच्या दोहोंस मराठीत अर्थ नाही. पहिल्या चारांस आहे. दोन-दोन अक्षरांच्या मांडण्याही सहाच, आणि आश्चर्य असे की त्या सहाही सार्थ निघतात: वार, वास, रवा, रस, सवा, सर. सहसा असे होत नाही. कोणतीही चार-पाच अक्षरे घ्या, मांडण्या पुष्कळ होतील आणि शब्द मिळेल एखाददुसरा. हे आम्ही पुढे कित्येक रात्री करून पाहिले आहे.

पण हिशेबाने एक गोष्ट उघडी पडली. अक्षरांत 'वारस' होता हे खरे. तितक्याच खरेपणाने 'वासर' होता, 'सवार' होता, 'रवा'ही होता. अक्षरांनी कोणाचाही पक्ष घेतला नव्हता. आम्हांस पहिला दिसला तो 'वारस', कारण त्या आठवड्यात कचेरीत आमच्या मेजावर वारसाच्या अर्जांचा गठ्ठा पडला होता आणि घरी ते पुतण्याचे पत्र वाचले होते. शिंप्याच्या पोराला कदाचित दुसरे काही दिसले असते. शब्द अक्षरांत होता, परंतु त्याची निवड आमच्यात होती. बचावाचा एक पाय येथेच लंगडा झाला.

याच लंगड्या पायाची एक प्रसिद्ध हकीकत युरोपात घडली. १६१० साली गॅलिलिओने शनी पाहिला आणि जे दिसले ते कोणी चोरू नये, पण आपला अग्रहक्कही राहावा, म्हणून लॅटिन वाक्यातील सदतीस अक्षरे विस्कटून ज्योतिर्विदांकडे धाडली. केप्लर ती जुळवीत बसला. त्याला मंगळाविषयी आस्था होती; पृथ्वीला एक चंद्र, गुरूला नुकतेच चार सापडलेले, तेव्हा मंगळाला दोन असावेत असे त्याच्या मनाने घेतले होते. त्याने त्या अक्षरांतून मंगळाच्या जुळ्या अपत्यांना वंदन करणारी ओळ काढली. त्यातला एक शब्द लॅटिन म्हणवत नव्हता. ओळ अर्धवट रानटी झाली हे त्याने स्वतःच कबूल केले. गॅलिलिओचे मूळ वाक्य निराळेच होते: सर्वांत वरचा ग्रह तिहेरी दिसला, असे. म्हणजे केप्लर चुकला. पुढे १८७७ साली आसाफ हॉलला मंगळाचे चंद्र सापडले, आणि ते नेमके दोनच निघाले! आता केप्लरला सत्य सापडले होते असे म्हणावयाचे काय? आमच्या मते नाही. त्याला त्याची इच्छा सापडली होती. ती योगायोगाने खरी ठरली. त्याची थोरवी त्या कबुलीत आहे. एक शब्द नीट बसत नाही हे त्याने झाकले नाही.

आपल्याकडे या विषयाला अधिक जुना आणि अधिक गंभीर आधार आहे. अक्षरांची उलटापालट हा आपल्या शब्दशास्त्राने मान्य केलेला व्यवहार आहे. त्याला वर्णविपर्यय म्हणतात. 'हिंस्' पासून सिंह, हे उदाहरण वैयाकरणांच्या घरी मुलांनाही ठाऊक असते. यास्काने निरुक्तात 'तर्कु' म्हणजे चाती हा शब्द कातणे या अर्थाच्या 'कृत्' धातूची अक्षरे पुढेमागे होऊन झाला असे सांगितले आहे. तैत्तिरीय आरण्यकात कश्यप हा पश्यक, म्हणजे पाहणारा, असा उलगडा आहे. क आणि प यांनी जागा बदलल्या की ऋषीचे नाव त्याचा धर्म सांगू लागते. यास्काची भूमिका अशी की अर्थ धरून बसावे. अक्षरांना थोडे सैल सोडले तरी चालेल. ती वाचताना आम्हांस नेहमी थोडी धास्ती वाटते. अर्थ आधीच ठरला आणि अक्षरे त्याच्या चाकरीस लावली, की काय सापडणार नाही?

याचे उत्तम उदाहरण काशीतलेच, आणि मराठी माणसाचे. महाभारतावर भारतभावदीप ही टीका लिहिणारे नीलकंठ चतुर्धर मूळचे कोपरगावचे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते काशीत होते. त्यांनी मंत्ररामायण आणि मंत्रभागवत असे दोन ग्रंथ केले. ऋग्वेदातील मंत्र आहेत तसे घ्यावयाचे, एक अक्षर इकडचे तिकडे करावयाचे नाही, आणि व्युत्पत्तीच्या बळावर त्यांतून रामाची व कृष्णाची कथा वाचून दाखवावयाची. आजचा अभ्यासक म्हणेल की ही कथा त्या मंत्रांत नव्हतीच. आम्हीही तसेच म्हणू. तरीही नीलकंठांना लबाड म्हणण्यास जीभ धजत नाही. ते कोणास फसवीत नव्हते. मंत्र जसाच्या तसा शेजारी ठेवून आपला अर्थ त्यांनी उघड मांडला होता. वाचणाऱ्यास दोन्ही दिसत होते.

त्याच्या थोडे आधी, गोदावरीकाठच्या पार्थपूरच्या, म्हणजे आजच्या पाथरीच्या, सूर्य पंडितांनी रामकृष्ण-विलोमकाव्य रचले. श्लोकाचा पूर्वार्ध रामाविषयी; तीच अक्षरे शेवटून वाचली की होणारा उत्तरार्ध कृष्णाविषयी. हे पंडित लीलावतीचे टीकाकारही होते, तेव्हा मांडण्यांचा हिशेब त्यांना घरचाच. येथे मात्र शोध आणि रचना एकाच हाताची आहे. पेरणारा तोच, वेचणारा तोच. म्हणून त्यात नीतीचा प्रश्न उद्भवत नाही, दमाचा तेवढा उद्भवतो.

प्रश्न उद्भवतो तो पेरणारा दुसरा असतो तेव्हा. जिनीव्हाचे प्राध्यापक फेर्दिनां द सोस्यूर हे भाषाशास्त्राचे आचार्य म्हणून सर्वांस ठाऊक आहेत; ते संस्कृतही शिकवीत. १९०६ ते १९०९ या काळात त्यांना असे दिसू लागले की जुन्या लॅटिन कवींनी देवतेच्या किंवा नायकाच्या नावातील ध्वनी ओळींत विखरून पेरले आहेत. वेदांतील अग्निसूक्तांतही त्यांनी तसे शोधून पाहिले. वह्यांमागून वह्या भरल्या. आणि जसजसे सापडत गेले तसतशी त्यांची चिंता वाढली. कारण ते जेथे पाहावे तेथे सापडू लागले. अखेर त्यांनी लॅटिनमध्ये कविता लिहिणाऱ्या पास्कोली या हयात इटालियन कवीला पत्राने विचारले, की हे आपण जाणून करता, की आपोआप होते? निकाल लागेल असे काही त्यांच्या हाती आले नाही. त्यांनी तो शोध सोडून दिला आणि वह्या छापल्या नाहीत. त्यांचे निधन १९१३ सालचे. १९६४ पासून स्तारोबिन्स्की यांनी त्या वह्यांतील भाग प्रसिद्ध केला तेव्हा जगास हे समजले. आम्हांस हा गृहस्थ केप्लरपेक्षाही मोठा वाटतो. सापडलेल्या गोष्टीबद्दल ती पेरणाऱ्यालाच विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर गप्प बसावे, हे किती जणांना जमते?

या सर्वांच्या उलट एक प्रकार ब्रह्मा घाटावर आम्ही रोज पहाटे ऐकत होतो. शेजारच्या घरी एक वृद्ध घनपाठी संथा देत. मंत्रातील पहिले पद, दुसरे पद, दुसरे, पहिले, मग पहिले, दुसरे, तिसरे, तिसरे, दुसरे, पहिले, पुन्हा सरळ. नुसते ऐकणाऱ्यास वाटावे की पदांचा खेळ चालला आहे. परंतु येथे फिरवाफिरव नवा अर्थ काढण्यासाठी नाही. पदे इतक्या रीतींनी फिरविली की मूळ क्रमातला एक स्वरही हरवू नये, यासाठी आहे. उलटे म्हणावयाचे ते सुलटे पक्के राहावे म्हणून. अर्थाची हाव सुटली की उलटापालट किती निर्मळ होते, हे त्या स्वरांत कळे.

आणि वाल्याची कथा तर काशीत विसरताच येत नाही. 'राम' म्हणता येईना म्हणून 'मरा' म्हणावयास सांगितले, आणि म्हणता म्हणता त्याचा राम झाला. गल्लीतून रामनाम घेत प्रेते मणिकर्णिकेकडे जात, आणि मरणाऱ्याच्या कानात साक्षात विश्वेश्वर तारकमंत्र सांगतो अशी तेथील श्रद्धा. तेव्हा त्या दोन अक्षरांतले दोन्ही शब्द तेथे एकदमच ऐकू येतात. या कथेत एकही अक्षर जागचे हललेले नाही हे पाहण्याजोगे आहे. मरामरामरा ही एकच अखंड धार; श्वास कोठे घेतला एवढाच भेद. वाल्याने काही शोधले नव्हते. तो 'मरा'च म्हणत राहिला. ज्याला सापडविण्याची इच्छा नाही त्याला सापडले, तर त्यावर शंका घेण्यास जागा उरत नाही.

आमची मात्र तशी स्थिती नव्हती. आम्हांस जिंकावयाचे होते. आणि येथे बचावाचा दुसरा पायही गेला. शब्द दिसणे ही एक क्रिया, तो मोठ्याने म्हणणे ही दुसरी. दिसण्यावर ताबा थोडा, म्हणण्यावर पुरता. आम्ही 'वारस' मनात ठेवून 'सवार' म्हणू शकलो असतो, आणि तेही अक्षरांशी तितकेच प्रामाणिक ठरले असते. खोटे न बोलता दुसरे बोलण्यास इतर शब्दांची वाट मोकळी होती. आपल्या नोकरीत हे रोज घडते. त्याच फायलीतल्या त्याच कागदांवरून दोन कारकून दोन टिपणे करतात. दोघांच्याही टिपणात कागदाबाहेरचे अक्षर नसते. आणि एका टिपणाने माणूस कामावर राहतो, दुसऱ्याने जातो. 'कागदांवर जे आहे तेच लिहिले' हे दोघेही शपथेवर सांगू शकतात. आम्ही स्वतः ते वाक्य किती वेळा लिहिले असेल, ते आता आठवू नये हे बरे.

यावर कोणी म्हणेल की मग अक्षरांचे बंधन उरले कोठे, हवे ते काढा. तसे नाही. स, र, वा यांतून 'दान' निघत नाही, 'पुत्र' निघत नाही. कितीही दया आली तरी निघत नाही. काकूंनीही पिशवीत पुन्हा हात घातला नाही. पुढ्यात आलेली तीन अक्षरे, प्रत्येक एकदा. त्यांच्याकडे आमच्याहून अधिक काही नव्हते, फक्त 'सरवा' हा शब्द होता, आणि तो त्यांनी लहानपणी शेताच्या बांधावर ऐकला होता. त्यांनी आम्हांस शिकविण्यासाठी तो मांडला असे आम्हांस वाटत नाही. बायकांच्या प्रत्येक कृतीत उपदेश शोधणे हीदेखील अक्षरे जुळविण्याचीच एक खोड आहे.

आश्विनात पाणी उतरले. घाटावरचा गाळ काढून पायऱ्या धुण्याचे काम चालू झाले, आणि आम्हांस सरकारी जागा मिळाली. निघण्याच्या आदल्या दिवशी काकूंनी एक काम सांगितले. घरपट्टीला अजून यजमानांचेच नाव लागत होते. ते बदलण्याचा अर्ज भरून द्यावयाचा होता. अर्ज हिंदीत होता. नाव, मोहल्ला, घराचा क्रमांक असे लिहीत आम्ही खाली आलो तो एका रकान्यावर लेखणी थबकली: 'मृतक के वारिस'. आम्ही घुटमळलो. त्या संध्याकाळचा पाट डोळ्यांपुढे आला. आता पुण्याच्या पुतण्याचे नाव घालावे की नागपूरच्या, असे विचारावयाचे तरी कसे?

"काय अडले?" काकूंनी विचारले.

आम्ही रकाना वाचून दाखविला.

"मग माझे लिहा की," त्या म्हणाल्या. "त्यांची वारस मीच नाही का?"

कायदा आम्हांस पाठ होता. काकूंचे पूर्ण नाव आम्ही त्या दिवशी प्रथमच लिहिले. त्यांनी सांगितले तसे, एकेक अक्षर विचारून.